सळया निघेपर्यंत तुमचे प्रश्न

दिवाळी अंकात आमच्या घरावरच्या दिव्यांचे फोटो छापून आले आणि तेव्हापासून संपादकांकडे पत्रं येताहेत. बघून झालं, आता आम्हालाही करायचंय, असा बहुतेकांचा सूर. संपादकबाईंनी तो गठ्ठा माझ्याकडे सरकवला आणि म्हणाल्या, "तुमचं तुम्हीच निस्तरा."

ज्यांनी तो अंक पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगतो. मी मूळचा सांगलीचा, गेली २२ वर्षं न्यू जर्सीत एडिसन गावी. दिवसा एका विमा कंपनीचे प्रोग्रॅम लिहितो. धनत्रयोदशीपासून नाताळ उलटून जाईपर्यंत रोज संध्याकाळी अंगणात ४,००० दिवे गाण्यावर नाचवतो. सध्या जानेवारी आहे. कमानी ज्यांवर उभ्या करतो त्या लोखंडी सळया गोठलेल्या जमिनीत अशा रुतून बसल्यात की मार्चशिवाय हलणार नाहीत. तोवर मी मोकळाच आहे.

डिसेंबरात मुलांना घेऊन तुमचं घर बघायला आलो होतो. धाकटा तेव्हापासून "आपणही करू" म्हणून मागे लागलाय. मला वायरिंगमधलं ओ की ठो कळत नाही. सुरुवात कुठून करू आणि पैसे किती बाजूला काढू?
— एक बाबा, प्लेन्सबरो, न्यू जर्सी

धाकट्याला हो म्हणा. फक्त आधी दोघांत करार करा: पहिल्या वर्षी एक आकार आणि एक गाणं. आमच्याकडे येऊन गेलेले लोक परतीच्या वाटेवर गाडीतच छपरापासून गॅरेजपर्यंतचा बेत आखतात, उत्साहाच्या भरात सामान मागवतात, आणि ऑक्टोबरात ती खोकी न उघडता तशीच पडलेली असतात. असे तीन जण मला माहीत आहेत. त्यातल्या एकाकडून मी सामान निम्म्या किमतीत घेतलंही.

आकार म्हणून कमान घ्या. १० फुटी, पाऊण इंची पीव्हीसी पाइप वाकवला की कमान झाली. दोन्ही टोकं जमिनीत ठोकलेल्या दोन-दोन फुटी सळयांवर खोचायची आणि पाइपाला ५० दिव्यांची माळ झिप टायने बांधायची. अशा ४ कमानी रस्त्याच्या कडेने ओळीत लावल्या की २०० दिवे झाले. उड्या मारत जाणारा ठिपका, लाटा, पाठशिवणी, हे सगळं त्या चार कमानींवर होतं. छपरावर चढायचं नाही. शिडीची तिसरी पायरी ही तुमची यंदाची हद्द.

माळ मात्र साधी नको. २६ डिसेंबरपासून दुकानांत निम्म्या किमतीत ज्या माळा मिळतात, त्या सगळ्या एकदम लागतात आणि एकदम विझतात. तुम्हाला हवेत पिक्सेल. बोराएवढ्या प्रत्येक दिव्याच्या पोटात एक चिप असते, बहुतेक वेळा डब्ल्यूएस २८११ नावाची, त्यामुळे १७ व्या दिव्याला निळा हो आणि १८ व्याला गप्प बस, असं वेगवेगळं सांगता येतं. १२ व्होल्टचे २०० पिक्सेल, घरची वीज १२ व्होल्टवर उतरवणारा २०० वॅटचा पॉवर सप्लाय, दिव्यांना हुकूम सोडणारा कंट्रोलर म्हणून ईएसपी-३२ नावाचा काडेपेटीएवढा बोर्ड, पाऊस न शिरणारा प्लास्टिकचा डबा आणि तीन पदरी वायर, एवढ्यावर भागतं. बोर्डावर डब्ल्यूएलईडी हे फुकट सॉफ्टवेअर चढवलं की फोनवरून रंग बदलता येतात. गाण्यावर नाचवायला लॅपटॉपवर एक्सलाइट्स, तेही फुकट. सगळं मिळून दीडशे डॉलरच्या आसपास धरा. दिवे पूर्ण प्रखर लावू नका. मी ३० टक्क्यांवर ठेवतो. त्यापुढे गेलं की समोरच्यांच्या बेडरूममध्ये मध्यरात्री सकाळ होते.

आता स्वतःची फजिती सांगतो, म्हणजे तुमची टळेल. आमच्या पहिल्याच वर्षी लक्ष्मीपूजनाला घरात २५ माणसं, फराळाची ताटं भरलेली, आणि बाहेर पाऊस. पूजा झाली, सगळे अंगणात आले, मी बटण दाबलं, दिवे लागले आणि खट्. सॉकेटचा खटका पडला. परत लावला, परत खट्. पाहुण्यांनी पोर्चमध्ये उभं राहून काळोखाकडे बघत चकल्या खाल्ल्या. दुसऱ्या दिवशी सापडलं ते असं: एक्स्टेन्शन कॉर्डचा सांधा गवतात पडला होता आणि पाणी जाऊ नये म्हणून मी त्याला काळी टेप गुंडाळली होती. पाणी गेलंच, आणि टेपनं ते बाहेर येऊ दिलं नाही. तेव्हापासून टेप बंद. सांधा जमिनीपासून वीतभर वर, तोंड खाली. आणि तो खटका, म्हणजे जीएफसीआय, ज्या सॉकेटला नाही तिथे अंगणातलं काहीही लावू नका. जेमतेम ५ मिलिअँपिअर वीज भलतीकडे गेली तरी तो पडतो. त्या रात्री मी त्याला शिव्या घातल्या, पण ओल्या गवतात अनवाणी फिरणारी पोरं त्याच्यामुळेच सुखरूप होती.

सळया दिवाळीआधीच ठोकून टाका, माती मऊ असते. काढायचं म्हणाल तर, वर लिहिलंच आहे.

आम्ही फ्लॅटवाले. बाल्कनी ९ फुटी, तिसरा मजला. अंगणबिंगण नाही. आमच्यासाठी काही आहे का, की नुसतं फोटोच बघायचे?
— एक गृहिणी, कोथरूड, पुणे

ताई, तुमच्याकडे अंगण नाही, पण आकाशकंदील आहे. माझ्याकडे ४,००० दिवे असून आकाशकंदील लटकवायला धड आढं नाही.

कंदिलाच्या आत उभी काठी घ्या आणि तिच्यावर ५ व्होल्टच्या ५० पिक्सेलची माळ गुंडाळा. कागद पांढरा किंवा फिकट पिवळा असू द्या, रंग आतून येईल. गडद लाल कागद लावलात तर निळा उजेड तिथेच मेला. तापकीर गल्लीत सामान मिळेल. दुकानदार सवयीनं "मल्टी माळ" पुढे करेल. त्याला म्हणा, एकेक दिवा वेगळा चालणारी पिक्सेल माळ, तीन तारांची. दोनच तारा दिसल्या की परत द्या.

५० पिक्सेल पूर्ण पांढरे लावले तर ३ अँपिअर खातात. मोबाइलच्या जुन्या चार्जरवर तो भार टाकू नका, ५ व्होल्ट ५ अँपिअरचा सप्लाय घ्या. सप्लाय घरात ठेवा, बाहेर फक्त ५ व्होल्टची वायर जाऊ दे. तुमच्याकडे २३० व्होल्ट आहेत, आमच्या दुप्पट, तेव्हा ते बाल्कनीत ओल्या कठड्यावर नकोतच. मीटरपाशी ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे वीज भलतीकडे गेली की पडणारा तुमच्याकडचा खटका, आहे का ते एकदा वायरमनला विचारून ठेवा, दिव्यांसाठी नाही तरी गीझरसाठी.

दादा, मी इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. गणपतीत मंडळाच्या कमानीला २०० पिक्सेल लावले. ३६ पर्यंत नीट चालतात, ३७ पासून पुढे सगळे बंद. ते ३६ बदलून झाले तर दुसऱ्या माळेत टोकाकडचा पांढरा रंग लालसर दिसतो. कंट्रोलर गेला असेल का?
— कराड

कंट्रोलर शाबूत आहे. तुझ्या पत्रात दोन वेगळे आजार आहेत, ते एकत्र करू नकोस.

पहिला. पिक्सेलच्या माळेत डेटा पंगतीतल्या वाढप्यासारखा पुढे सरकतो. पहिला दिवा आपल्या वाट्याचे २४ बिट घेतो, लाल, हिरवा, निळा प्रत्येकी ८, आणि उरलेलं सगळं पुढच्याला देतो. तोही तेच करतो. एकानं पुढे द्यायचं थांबवलं की त्याच्यापुढची अख्खी पंगत उपाशी. म्हणून ३७ वा बंद दिसला तरी दोषी ३६ वा असू शकतो: स्वतः जेवला, पुढे वाढलं नाही. तू मात्र ३६ च्या ३६ बदललेस! अरे, बदलायचे होते दोन, ३६ वा आणि ३७ वा. खरं तर आधी ३७ वा बदलून बघायचा असतो. मी दोन्ही एकदमच कापतो, कारण डिसेंबरात शिडीवर दुसऱ्यांदा चढायची हौस मला नाही. नवा दिवा जोडताना त्याच्यावरचा बाण बघ. उलटा जोडलास तर तोही पुढे वाढणार नाही.

दुसरा आजार उपासमारीचा, पण विजेच्या. तारेच्या लांबीत व्होल्टेज घसरत जातं. लाल एलईडीला साधारण २ व्होल्ट पुरतात, हिरव्या-निळ्याला ३ च्या आसपास लागतात. टोकाशी पोचेपर्यंत व्होल्टेज उतरलं की आधी निळा मान टाकतो, मग हिरवा, आणि पांढऱ्यातून लाल तेवढा उरतो. उपाय म्हणजे त्याच सप्लायमधून जाड वायरनं माळेच्या टोकालाही पॉझिटिव्ह-निगेटिव्ह दे. आम्ही त्याला पॉवर इंजेक्शन म्हणतो. त्या वायरीला फ्यूज घाल. दोन वेगळे सप्लाय असतील तर दोघांचे निगेटिव्ह जोड, पॉझिटिव्ह कधीही जोडू नकोस. आणि बोर्डापासून पहिल्या पिक्सेलपर्यंतची डेटाची वायर १० फुटांच्या आत ठेव. मंडपाच्या मागे कंट्रोलर आणि रस्त्यावर कमान असा तुमचा थाट असणार, तिथेच निम्मी दुखणी सुरू होतात.

नवऱ्याला तुमच्या लेखानं वेड लावलं. गॅरेजमध्ये गाडी मावत नाही. ऑगस्टमध्ये जेवणाच्या टेबलावर सोल्डरिंग. काही इलाज?
— कोलंबस, ओहायो

वहिनी, इलाज आमच्या सौंनी शोधलाय: प्रत्येक नव्या खोक्यामागे एक जुनं खोकं घराबाहेर, आणि सोल्डरिंग फक्त तळघरात. ऑगस्टबद्दल मात्र त्यांना माफ करा. हा छंद डिसेंबरात दिसतो, पण घडतो उन्हाळ्यात. जे ऑगस्टमध्ये टेबल अडवत नाहीत ते थँक्सगिव्हिंगच्या, म्हणजे नोव्हेंबरअखेरच्या इथल्या सणाच्या, रात्री टॉर्च तोंडात धरून वायरी जोडत असतात, आणि तेव्हा ते घरातल्यांशी फार वाईट बोलतात.

वय वर्षे ७९. तुमचे फोटो पाहिले, सुंदर आहेत. पण पणतीच्या सणाला एवढी वीज जाळणे मला पटत नाही. रागावू नका.
— सातारा

आजोबा, रागवायचं काय त्यात. माझ्या वडिलांनीही फोनवर पहिला प्रश्न हाच विचारला होता, म्हणून मी मीटर लावून मोजलं. साडेतीन तासांच्या खेळाला साधारण दीड युनिट लागतं. २ किलोवॅटचा गीझर पाऊण तास चालला तर तेवढंच. इथे पूर्वी घराच्या कडेनं मोठे काचेचे बल्ब लावत, एकेक ७ वॅटचा. तसले १०० बल्ब तेवढ्याच वेळात अडीच युनिटं खात. माझे ४,००० त्याहून कमी खातात, कारण एक तर ते एलईडी, आणि दुसरं म्हणजे कुठल्याही क्षणी त्यातले बरेचसे विझलेले असतात.

आमच्या गावाची गंमत तुम्हाला आवडेल. एडिसनची मेन्लो पार्कची प्रयोगशाळा याच गावाच्या हद्दीत होती. तेव्हा गावाचं नाव रॅरिटन टाउनशिप होतं, १९५४ मध्ये ते एडिसन झालं. १८८० च्या नाताळात त्यानं प्रयोगशाळेभोवती विजेच्या दिव्यांच्या माळा लावल्या आणि शेजारून जाणाऱ्या रेल्वेतले प्रवासी त्या बघत गेले, असं सांगतात. दोन वर्षांनी, १८८२ मध्ये, त्याचा भागीदार एडवर्ड जॉन्सन यानं न्यू यॉर्कमधल्या आपल्या घरी नाताळच्या झाडाला लाल, पांढरे आणि निळे असे ८० दिवे लावले, आणि ते झाड गोल फिरत होतं. म्हणजे दिव्यांना हलवायची खोड पहिल्या दिवसापासूनची. आज आमच्या एडिसन गावात ओक ट्री रोडवर दिवाळीच्या पणत्या आणि उटणं मिळतं.

पणत्या आम्हीही लावतो. त्या उंबऱ्यापाशी असतात, आणि लक्ष्मीपूजनाला त्या लागल्यावर तासभर बाकी सगळं बंद असतं. ही सौंची अट आहे, माझी थोरवी नव्हे.

आमच्या कॉलनीत घरमालकांची असोसिएशन कडक आहे. दिवे, गर्दी, आवाज यावरून भांडण होईल का? बाहेर उभ्या असलेल्यांना गाणं कसं ऐकवता?
— फ्रिस्को, टेक्सास

नियमावली आधी वाचा. त्यात दिवे थँक्सगिव्हिंगनंतरच लावायचे असं असेल तर दिवाळीसाठी परवानगीचं पत्र उन्हाळ्यातच द्या, ऑक्टोबरात नाही. मी पहिल्या वर्षी आजूबाजूच्या ८ घरी लाडू आणि वेळापत्रक घेऊन गेलो होतो: रोज साडेनऊला बंद, रविवारी नऊला. लाडवांपेक्षा वेळापत्रक जास्त कामाला आलं.

गर्दीला हलकं घेऊ नका. ओहायोतल्या मेसन गावच्या कार्सन विल्यम्स या इंजिनिअरनं १६,००० दिवे गाण्यावर नाचवले आणि २००५ मध्ये त्याचा व्हिडिओ जगभर फिरला. आमच्यासारखे कितीतरी जण त्यातूनच या नादाला लागले. पण त्याच्या रस्त्यावर गाड्यांची इतकी रांग लागली की शेवटी त्याला खेळ बंद करावा लागला.

गाण्यासाठी स्पीकर नको, छोटा एफएम ट्रान्समीटर लावा. लोक काचा बंद ठेवून गाडीच्या रेडिओवर ऐकतात. अमेरिकेत विनापरवाना चालतो तो साधारण २०० फुटांपर्यंतच पोचणारा, त्याहून ताकदवान घेऊ नका. हे वाचून भारतात कुणी एफएम लावू नये, तिथे हा पट्टा विनापरवाना वापरायचा नसतो. सोसायटीत लहान स्पीकर ठेवा, आणि रात्री दहाला तो बंद.

काका, मी १२ वर्षांची आहे. बाबांनी ४ कमानी केल्या आणि मी ढोल-ताशावर लाइट्स बसवले. सगळे इफेक्ट वापरले पण ते नाचल्यासारखे वाटतच नाहीत, नुसते चमचम करतात. असं का?
— ब्रिजवॉटर, न्यू जर्सी

तुझ्या आईनं पाठवलेला व्हिडिओ तीनदा बघितला. बाळ, तुझे दिवे विझतच नाहीत.

माझा काका सांगलीत गणपती मंडळांचं लायटिंग करायचा. तेव्हा चिपा नव्हत्या. त्याच्याकडे पाटावरवंट्यातल्या वरवंट्यापेक्षा थोडा मोठा लाकडी रोलर होता, मोटरवर गरगर फिरणारा. रोलरवर पितळी पट्ट्या ठोकलेल्या आणि वरून टेकलेली पत्र्याची बोटं. बोटाखाली पट्टी आली की दिवा लागायचा, लाकूड आलं की विझायचा. निळ्या ठिणग्या उडायच्या आणि जळका वास यायचा. दिव्यांचा मोर चालता करायला काका तासन् तास पट्ट्या कातरत बसायचा. मी विचारलं, "काका, पट्टी कापून टाकलीस तर दिवा कसा लागेल?" तर म्हणाला, "मोर चालतोय तो कापलेल्या जागेमुळं. सगळीकडं पट्टी ठोकली तर नुसता खांब पेटंल."

तू सगळीकडे पट्टी ठोकली आहेस. आता असं कर. सगळे इफेक्ट काढून टाक. पाटी कोरी. लॅपटॉपवर गाणं लाव, डोळे मीट आणि फक्त ढोलाच्या ठोक्यावर टेबलावर बोट आपट. एक्सलाइट्समध्ये टायमिंगच्या खुणा करता येतात, त्या ठोक्यांवरच कर. पहिल्या फेरीत फक्त पहिली आणि चौथी कमान वापर: ठोका पडला की लाग, लगेच विझ. ताशाची तर्री सुरू झाली की मधल्या दोन कमानींवर दोन्ही टोकांकडून एकेक दिवा मधे पळत येऊ दे, मागे शेपूट न ठेवता. दर सेकंदाला ४० चित्रं दाखवता येतात, म्हणजे एका ठोक्यानंतर ७-८ चित्रं काळी सोडलीस तरी पुढच्या ठोक्याला भरपूर जागा उरते. काळ्यानंतर आलेला तोच ३० टक्क्यांचा पिवळा डोळ्याला दुप्पट वाटतो.

हे हळू होतं. तीन मिनिटांच्या माझ्या पहिल्या तुकड्याला तीन आठवडे लागले, रोज रात्री ९ ते १२. आमच्या मंडळाच्या पथकाचंच रेकॉर्डिंग होतं ते, त्यांना विचारून घेतलेलं. तूही कुणाचं वापरलंस ते विचारून ठेव.

तुझ्या रेकॉर्डिंगमध्ये १ मिनिट ५२ सेकंदांवर ताशा एकदम थांबतो आणि मग ध्वज नाचवणारे पुढे येतात, ऐकलंस? तिथे दोन सेकंद एकही दिवा नको. आमच्याकडे अशाच जागी एका गाडीतून कुणीतरी मराठीत ओरडलं होतं, "गेली लाइट!" आणि तेवढ्यात ढोल परत पडला.

बदलून झालं की फाइल पाठव. माझे बाकीचे दिवे उतरवून झालेत, पण ४ कमानी अजून उभ्याच आहेत. त्यांच्यावर लावून बघू.